दोन निरोगी वाण

"मॅडम, आता तरी बघा," असं म्हणत गयाबाईनं रोपांचा ट्रे माझ्या पुढ्यात आदळला. "हे समदे जांभळ्या धाग्याचे. सत्यभामाच्या हातचे. एक तरी धड हाय का?"

धड एकही नव्हतं. मिरचीची रोपं उगवून आली होती, खालची दोन पानं हिरवीगार होती, पण मधला कोंब करपल्यासारखा तपकिरी झाला होता. एकाला बोट लावलं तर कोंबाचा भुगा झाला.

"सांगते ते ऐका," गयाबाई म्हणाली. "तिचा हात फुलाला लागू देऊ नका."

शेडनेटच्या टोकाला नळावर सत्यभामा ट्रे धूत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले होते. आणलेले ट्रे टेम्पोतून उतरवणारा ड्रायव्हर हरिभाऊही थांबला, मग उगाचच टेम्पोच्या मागच्या बाजूला निघून गेला.

जालन्याजवळच्या एका बियाणं कंपनीत मी तेव्हा नवी होते. एम.एस्सी. करून आले होते आणि मिरचीचे संकर तयार करायचं काम माझ्याकडं होतं. काम तसं सोपं वाटतं. मादी वाणाची कळी उमलायच्या आधी चिमट्यानं अलगद उघडायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे आणि सकाळी नर वाणाचे परागकण तिला लावायचे. हे सगळं बायका करत. कुणी कुठलं फूल केलं ते कळावं म्हणून प्रत्येकीला लोकरीचा वेगळा रंग दिलेला असे. फुलाच्या देठाला तो धागा बांधायचा, पुढं बियाच्या पुडीला आणि ट्रेच्या चिठ्ठीलाही तोच. सत्यभामाचा जांभळा, मुकादमीण असलेल्या गयाबाईचा पिवळा.

त्या हिवाळ्यात आमचं सगळं लक्ष एकाच संकरावर होतं. मादी होती डोंगराकडची एक गावरान मिरची, जिला मर रोग शिवत नसे. नर होता बाहेरून आणलेला, लांब चकचकीत फळांचा वाण. दोघांचं जमलं असतं तर शेतकऱ्यांनी रांगा लावल्या असत्या. आणि नेमका तोच संकर उगवून मरत होता.

सत्यभामाबद्दल मला फार उशिरा कळलं. पहिल्यांदा बाळंत झाली, मुलगा झाला, आठवड्याच्या आत गेला. दुसराही तसाच गेला. नवऱ्यानं काडीमोड घेऊन दुसरी बायको केली आणि तिला पाठोपाठ दोन मुलं झाली, धडधाकट. मग काय, गावाला पुरावाच मिळाला. सत्यभामा भावाकडं येऊन राहिली. भावजयीची मुलंसुद्धा ती उचलून घेत नसे.

गयाबाई वाईट बाई नव्हती. सत्यभामाला कामावर तिनंच आणलं होतं. पण आता तीच म्हणत होती, "मनात काही नाही मॅडम माझ्या. पण जे दिसतंय ते दिसतंय. मपली लेक बाळंतपणाला यायची आहे. बायका भ्यायल्यात. उद्या सगळ्याच घरी बसतील."

मी भोगेसरांकडं गेले. डॉक्टर भोगे आमचे मुख्य पैदासकार. मिरचीच्या झाडाकडं बघून त्याचे आजी-आजोबा सांगतील असा माणूस, पण माणसांच्या भानगडी त्यांना नको असत.

"हातबित मी मानत नाही," ते म्हणाले. "पण तिच्या कामात काहीतरी चुकतंय, हे मान. चिमटा नीट धूत नसेल, कळीला इजा होत असेल."

"सर, फुलाला इजा झाली तर बी धरणार नाही. बी धरलं, उगवलं आणि मग मेलं, त्यात तिची चूक कशी?"

"मग हे सांग. उन्हाळ्यात हाच संकर गयाबाईनं केला होता. हीच मादी, हाच नर. तिचं बी लगेच पेरून बघितलं, रोपं जगली. जरा खुरटी होती, पण जगली. आता सत्यभामानं केला तर मेली. बदललं काय? फक्त माणूस."

मी जायला उठले.

"तिला पॅकिंगला टाक," ते म्हणाले. "तिथंही बायकांनी कुरकुर केली तर मग मला काही करता येणार नाही."

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. जेवायला बसले की उठून ट्रे बघायला जायची. पाणी तपासलं, ट्रेमधलं कोकोपीट बदललं, बुरशीनाशक देऊन बघितलं. कशाचाही उपयोग झाला नाही. त्याच ट्रेच्या शेजारी त्याच मादीची आणि त्याच नराची नुसती, संकर न केलेली रोपं पेरली होती. ती उन्हात पानं हलवत उभी होती, जणू या मरणाशी त्यांचा काही संबंधच नव्हता.

मनात एक गोष्ट सारखी टोचत होती. गव्हात असं होतं हे आम्हाला शिकवलं होतं. दोन निरोगी वाण, पण त्यांचा संकर केला की पानं करपून रोप मरतं. एका वाणात एक जनुक, दुसऱ्यात दुसरं. एकटं असताना कुणीच काही करत नाही, एकत्र आले की घात. इथंही तसंच असेल, असं मी स्वतःशी म्हणायची आणि लगेच सरांचा प्रश्न पुढं यायचा. जनुकंच मारत असतील तर उन्हाळ्यात का नाही मारलं?

एका दुपारी सत्यभामा स्वतःहून माझ्याकडं आली. दारातच उभी राहिली.

"मॅडम, मी काम सोडते."

"का?"

"तुम्ही रोज त्या ट्रेपाशी बसता. तुम्हाला काही घावत नाही. घावणार पण नाही." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "पोरगं चांगलं रडलं होतं माझं. दूध प्यालं. मग आपोआप मलूल होत गेलं. मला ते रोपं बघवत नाहीत. तसंच दिसतंय ते."

"सत्यभामा, ही मिरची आहे."

"हाव. म्हणून तर म्हणते. मिरची कुणाचं ऐकून मरत नाही. लोक बोलतात ते खोटं असतं, असं मी मला सांगत होते. आता मिरचीच बोलू राहिली."

मी तिला चार दिवस थांब म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले ते मलाही माहीत नव्हतं.

त्याच संध्याकाळी बियाण्याचे नमुने ठेवायला मी उगवण तपासणीच्या खोलीत गेले. बी लवकर उगवावं म्हणून त्या खोलीत हीटर चालू असे, ट्यूबलाइट जळत असत. बाहेर डिसेंबरचा गारठा, म्हणून अंगात स्वेटर होता. आत शिरताच उकडायला लागलं. मी स्वेटर काढला आणि तो हातात धरून तशीच उभी राहिले.

बदललं काय? फक्त माणूस, असं सर म्हणाले होते. पण बदललं होतं आणखी एक. गयाबाईचं बी पेरलं होतं मे महिन्यात, ज्या दिवसांत शेडनेटमध्ये उभं राहवत नव्हतं. सत्यभामाचं पेरलं होतं थंडीत.

मी धावतच सरांच्या केबिनमध्ये गेले. गयाबाईच्या हातचं उन्हाळ्यातलं थोडं बी शीतगृहात शिल्लक होतं, ते मागितलं. सरांनी बडीशेप तोंडात टाकली, माझ्याकडं बघितलं आणि किल्ली पुढं सरकवली. "पेर. पण गयाबाईला समोर ठेव. नाहीतर मग म्हणतील, मॅडमनी पुड्या बदलल्या."

गयाबाईनं स्वतःच्या हातानं पेरणी केली. तिचं बी आणि सत्यभामाचं बी. दोघींचा एकेक ट्रे बाहेर शेडनेटमध्ये, एकेक त्या उबदार खोलीत. गयाबाईला जराही शंका नव्हती. "माझी जगणारच," ती बायकांना सांगत होती. "एकदा जगलीत की."

नंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगता येणार नाही. रोपं उगवली. सगळीच चांगली दिसत होती. सकाळी बायका कामाला येण्याआधीच मी ट्रे बघायला जायची. आपलं चुकलं तर त्या बाईच्या कपाळावर आपणच शिक्का मारणार, शास्त्राचा.

मग बाहेरच्या ट्रेमधल्या रोपांचे कोंब काळवंडायला लागले. आधी जांभळ्या धाग्याच्या. दोन दिवस नुसत्या जांभळ्याच्याच. गयाबाईनं माझ्याकडं बघून मान हलवली. तिसऱ्या दिवशी पिवळ्या धाग्याचीही करपू लागली. आठवडा संपता संपता बाहेरचे दोन्ही ट्रे मेले होते आणि आतले दोन्ही जगले होते.

भोगेसर स्वतः बघायला आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एकेक रोप तपासलं. "म्हणजे उबेत ते जनुक गप्प बसतं," ते म्हणाले. "थंडीत उठतं. वा!" त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. नराचा संकर तिसऱ्या एखाद्या वाणाशी करायचा, त्यातून ते जनुक नसलेली झाडं निवडायची, असं ते तिथल्या तिथं मांडायला लागले. मीही खुशीत होते. सत्यभामा सुटली, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी गयाबाई कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी तिच्या घरी गेले तर ती ओसरीवर बसलेली, हात पदरात गुंडाळलेले.

"लेकीला निरोप धाडला," ती म्हणाली. "म्हणलं, येऊ नको. सासरीच बाळंत हो."

"का, गयाबाई?"

"का म्हणता? माझ्या हातचीही मेलीत ना. तिचं मला लागलं. दोघी एका डब्यात जेवतो आम्ही."

मी सिद्ध केलं होतं की हाताचा दोष नाही. त्यातून तिनं काढलं होतं की दोष आता दोन हातांत आहे.

"उद्या कामावर या," मी म्हणाले. "काम करू नका. नुसतं ऐका."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्या बायकांना पॅकिंगच्या शेडमध्ये बसवलं. हरिभाऊकडून ट्रे आणवले आणि ओळीनं मांडले. सत्यभामा दाराजवळ, सगळ्यांपासून लांब बसली होती.

"हा ट्रे बघा," मी म्हणाले. "तीच गावरान मादी. नर मात्र दुसरा. धागा कुणाचा?"

एकीनं चिठ्ठीला लावलेला धागा बघितला. "जांभळा."

"रोपं कशी आहेत?"

"चांगली हायत की."

"आता हा. नर तोच, बाहेरचा. मादी दुसरी. धागा?"

"हाही जांभळाच."

"मेलंय का एखादं?"

रोपं हिरवीकंच होती. ती सगळा महिना तिथंच, शेजारच्याच बाकावर होती. कुणी बघितली नव्हती, कारण कुणालाच त्यांची गरज नव्हती.

"त्या मादीत एक गोष्ट आहे, या नरात दुसरी," मी म्हणाले. "झाड रोगापासून आपली राखण करतं. घराला कुत्रं असतं तसं. या दोघांचं बी एकत्र आलं की कुत्र्याला घरचंच माणूस चोर वाटतं आणि ते त्यालाच फाडतं. मादीला दुसरा नर द्या, काही होत नाही. नराला दुसरी मादी द्या, काही होत नाही."

कुत्र्याची गोष्ट त्या वेळी मी आपल्या मनानं सांगितली होती. ती बरीचशी खरी निघाली हे मला पुढं कित्येक वर्षांनी वाचायला मिळालं.

"म्हणजे मादीचा दोष नाही?" गयाबाईनं विचारलं.

"नाही."

"मग नराचा?"

"नराचाही नाही."

"आन् लावणारीचा?"

"तिचा तर मुळीच नाही. तुम्ही लावा, मी लावते, भोगेसरांना लावू द्या. मरायची ती मरणारच."

बायका हसल्या. गयाबाईनं हात पदरातून बाहेर काढले. तेवढ्यात दाराजवळून सत्यभामाचा आवाज आला.

"मॅडम, नराला दुसऱ्या मादीपासून चांगली रोपं झाली. तरी पयल्या मादीत खोट हाय असं होत नाही?"

"अजिबात होत नाही," मी उत्साहानं म्हणाले. "हे बघ ना, तीच मादी या दुसऱ्या नराबरोबर..."

आणि मी थांबले. शेडमधली एकही बाई हलत नव्हती. कुणी ट्रेकडं बघत होतं, कुणी जमिनीकडं. गयाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं आणि ती ते पुसतही नव्हती. काय विचारलं गेलं होतं ते त्या शेडमध्ये सगळ्यांत शेवटी मला कळलं.

संक्रांत झाली आणि सत्यभामा मला सांगायला आली की ती हरिभाऊशी लग्न करणार आहे. त्याची बायको वारली होती, घरी एक मुलगी होती.

"दिवाळीतच विचारलं होतं त्यांनी माझ्या भावाला. मीच नाही म्हणाले. त्यांच्या पोरीला माझ्यामुळं काही झालं असतं तर?"

मला आनंद व्हायला हवा होता. मी घाबरले.

"सत्यभामा, ऐक. मी मिरचीबद्दल बोलत होते. माणसाचं मला काही कळत नाही. तुझी बाळं कशानं गेली ते मला माहीत नाही. काहीही असू शकतं. पुन्हा तसंच झालं तर..."

"तुम्ही कुठं सांगितलं, कशानं गेली ते?" ती शांतपणे म्हणाली. "माझ्यामुळंच गेली असं कुणाला म्हणता येत नाही, एवढंच तुम्ही सांगितलं. मला तेवढं पुरे."

मी तिला आणि हरिभाऊला शहरातल्या एका डॉक्टरबाईंकडं नेलं. त्यांनी दोघांचं रक्त तपासलं, खूप प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाल्या, "आधीच्या बाळांना काय झालं होतं ते आता कुणीच सांगू शकणार नाही. बाळंतपण दवाखान्यात करा, एवढं मात्र ऐका." हरिभाऊ सगळा वेळ टोपी हातात धरून बसला होता. बाहेर आल्यावर त्यानं मला एवढंच विचारलं, "मॅडम, तुमचं काय मत?" मी म्हणाले, "माझं मत विचारू नका." तो हसला. "बरं. मग आमचंच धरतो."

लग्न झालं. पावसाळ्यात सत्यभामाला दिवस गेल्याचं गयाबाईनं मला सांगितलं, आणि माझी झोप उडाली. पुण्याला चांगल्या नोकरीचं बोलावणं आलं होतं, ते मी पुढं ढकलत राहिले. शेतात तिला वाकून काम करताना बघितलं की मला वाटायचं, हिचं काही बरंवाईट झालं तर हिला या वाटेवर लावणारी मी आहे. मी देवाला मानणारी नव्हते. त्या महिन्यांत मी कुणाकुणाला काय काय कबूल केलं, ते आता आठवूनही हसू येतं.

मुलगी झाली. पहिला आठवडा मी रोज काहीतरी निमित्त काढून दवाखान्यात आणि मग त्यांच्या घरी जात होते. बाळ झोपलं की मी त्याच्या छातीकडं टक लावून बसायची. सत्यभामा मला म्हणायची, "मॅडम, घरी जा. तुम्ही बघितल्यानं ती श्वास घेत नाही." आठवडा गेला. बाळ गुटगुटीत होत चाललं होतं.

बारशाला कामावरच्या सगळ्या बायका आल्या. गयाबाई लेकीला आणि नातवाला घेऊन आली होती. पाळणा सजवून झाला होता, घुगऱ्या वाटायच्या होत्या, तेवढ्यात अंगणात एक म्हातारी येऊन उभी राहिली. गयाबाई माझ्या कानाशी लागली. "पयली सासू हाय तिची."

कुणी तिला आत ये म्हणालं नाही. म्हातारीनं चपला काढल्या, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. तिच्या हातात टोपडं आणि झबलं होतं.

"बोलावलं नाही तरी आले," ती म्हणाली. "पोरगी बघायची होती."

हरिभाऊ पुढं झाला, पण सत्यभामानं त्याला हातानं थांबवलं. बाळाला घेऊन ती उंबऱ्यापाशी गेली आणि खाली बसली. म्हातारीही पलीकडं बसली. तिनं टोपडं-झबलं बाळापाशी ठेवलं.

"आम्ही तुला लई बोललो," ती म्हणाली.

"हाव, आत्याबाई."

"आमच्याकडं मग काय झालं होतं गं?"

"माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. कुणाचं काही चुकलं नव्हतं, एवढंच."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "नातू होते ते माझे," ती म्हणाली. "तुला बोलायच्या नादात मला त्यांच्यासाठी रडता पण आलं नाही. बारसं व्हायच्या आधीच गेले दोघं. थोरल्याचं नाव मी मनात धरून ठेवलं होतं."

सत्यभामानं तिच्याकडं बघितलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत ही गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती.

"काय धरलं होतं?"

"माधव."

"आन् धाकट्याचं?"

म्हातारीनं मान हलवली. "त्याचं धरायला मन धजलं नाही."

मागं पाळण्यापाशी बायका खोळंबल्या होत्या. मुहूर्त टळत होता, पण कुणी हाक मारली नाही. सत्यभामानं मुलीला म्हातारीच्या मांडीवर दिलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"माधव," ती हळूच म्हणाली. मग पुन्हा एकदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं.